तीस मीटरवरून, अगदी समोरून, आणि तरी पॉइंट?

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मेलबर्नला येऊन तुम्हाला चार वर्षं झाली. मिस्टर आणि मुलगी यांच्या नादाने तुम्ही फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, बघायला लागलात आणि आता घरात सगळ्यांत जास्त आरडाओरडा तुमचाच असतो. गेल्या शनिवारी तुमच्या टीमचा स्कोअर झाला ९.१७ आणि समोरच्यांचा १२.८. शॉट तुमचे सव्वीस, त्यांचे वीस, तरी नऊ गुणांनी हार. तुमचं म्हणणं, ‘तीस मीटरवरून, समोरून, अंगावर कुणी नाही, हातात तीस सेकंद, पगार लाखांत, आणि तरी चेंडू बाजूला? हे लोक सराव करतात की नाही? की आपणच उगाच तापतो?’

तापा, बिनधास्त तापा. फक्त तुम्ही चुकीच्या अवयवावर तापताय. ते कसं, ते सांगतो.

माझी ओळख एवढीच, की मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका क्लबात मी चौदा वर्षं मुलांना किक मारायला शिकवतोय. मुलगा ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटी वर्गाला, जायला लागला, मी कुंपणाबाहेर उभा राहून कंटाळलो आणि कुणीतरी हातात चेंडू दिला, तिथून सुरुवात. त्याआधी नाशिकला क्लब क्रिकेटमध्ये मध्यमगती टाकायचो. व्यावसायिक टीमचा कोच मी नाही, ड्रेसिंग रूममधली गुपितं माझ्याकडे नाहीत. पण चौदा हिवाळ्यांत हजारो किका अगदी हाताच्या अंतरावरून बघितल्यात, त्या हिशेबाने बोलतो.

नवख्यांसाठी एक मिनिट. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून किक मारलेला चेंडू कुणाचा हात न लागता गेला तर गोल, सहा गुण. त्यांच्या बाजूच्या बुटक्या खांबांच्या आत गेला तर बिहाइंड, एक गुण. बोलताना सगळे त्याला पॉइंटच म्हणतात. ९.१७ म्हणजे नऊ गोल, सतरा पॉइंट, एकूण ७१. गोल झाला की खांबांपाशी उभा असलेला अंपायर दोन बोटं दाखवतो, पॉइंटला एकच. ते एकच बोट बघून पोटात जे होतं, त्यावर तुमचा प्रश्न आहे.

आता पहिली गोष्ट. स्कोअरबोर्डवरचा प्रत्येक पॉइंट म्हणजे हुकलेली किक नव्हे. २००८ ची ग्रँड फायनल, म्हणजे कपाचा शेवटचा सामना, घ्या. जिलाँगने अख्ख्या साखळीत एकच मॅच हरली होती आणि फायनलला हॉथॉर्नविरुद्ध त्यांचा स्कोअर झाला ११.२३. हॉथॉर्नचा १८.७. ११५ विरुद्ध ८९. आजही कुणी जिलाँगवाला भेटला आणि २००८ म्हटलं की तो ‘तेवीस!’ एवढंच म्हणतो आणि बिअर खाली ठेवतो. पण त्या तेवीसपैकी अकरा पॉइंट हॉथॉर्नच्या बचाव फळीने स्वतःच दिले होते. दबाव आला की चेंडू आपल्याच गोललाइनमधून पलीकडे ढकलायचा, समोरच्याला एक गुण बहाल करायचा आणि चेंडू आपल्याकडे घेऊन निवांत सुरुवात करायची. तेव्हा ते नियमात बसत होतं. पुढच्याच वर्षी, २००९ ला, मुद्दाम असं केलं तर फ्री किक द्यायचा नियम आला. म्हणजे जिलाँगने खरोखर हुकवले बारा. ११.१२ हा काही शोकांतिकेचा स्कोअर नाही, कुठल्याही रविवारी दिसतो. पण ‘तेवीस’ हा आकडा असा काही बसलाय की अकरांचं कुणी ऐकूनच घेत नाही. तुमच्या सतरांतले किती असे ढकललेले होते, ते मॅच पुन्हा बघून मोजा. तीन-चार निघतीलच.

उलटंही खरं आहे. जो चेंडू आखूड पडला किंवा थेट मैदानाबाहेर गेला, तो स्कोअरमध्ये कुठेच दिसत नाही. सगळ्यांत वाईट किक नेमकी हिशेबातून सुटते. गोल आणि पॉइंट एवढेच धरले तर या लीगमध्ये दहातले सहाच्या आसपास गोल होतात. हे न दिसणारे शॉट मिळवले तर प्रमाण त्याहूनही खाली.

दुसरी गोष्ट भूमितीची. लांबवत नाही, पण हे एकदा करून बघा. मधल्या खांबांतलं अंतर ६.४ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या लांबीचा जेमतेम तिसरा हिस्सा. टीव्हीवर ते दार केवढं मोठं दिसतं! आता पन्नास मीटरवर समोर उभ्या राहा, हात ताठ करा आणि अंगठा दुमडून चार बोटं उभी धरा. गोल त्या चार बोटांमागे झाकला जातो. साधारण सात अंश. मधोमध नेम धरला तर दोन्हीकडे साडेतीन-पावणेचार अंशांची मुभा. तीस मीटरवर हाच गोल बारा अंशांचा होतो, मुठीपेक्षा जरा रुंद. आता चाळीस मीटरवर या, पण पंचेचाळीस अंश तिरक्या. दार तिरकं झाल्यामुळे जेमतेम साडेसहा अंश उरतात. म्हणजे चाळीसवरचा तिरका शॉट पन्नासवरच्या सरळ शॉटपेक्षा अवघड आहे. प्रेक्षक अंतर बघतो, कोन बघत नाही. त्यात किकेवरून आलेला चेंडू झेलला, म्हणजे मार्क घेतला, की निवांत किक मिळते, तो सेट शॉट; पण झेलला त्या जागेवर प्रतिस्पर्धी उभा राहतो आणि किक त्याच्या डोक्यावरून मारायची असते. ‘चाळीसवर मार्क घेतला’ असं कॉमेंटेटर म्हणतो तेव्हा किक पंचेचाळीसच्या पुढूनच निघते.

हे सगळं मान्य करूनही तुमचा तीस मीटरचा राग रास्तच आहे. मुठीएवढं दार आहे आणि अंगावर कुणी नाही, तर तिथून पगारी खेळाडूने चुकायचं कारण नाही. तरी चुकतो. इथे मूळ मुद्द्यावर येऊ.

आमच्या क्लबातला एक पोरगा, चौदा-पंधरा वर्षांचा, उंच, उडी अशी की बघत राहावं. चेंडू हवेत गेला की तो याचाच. पण किक दर वेळी उजवीकडे. दहातल्या सात उजव्या खांबाच्या बाहेर. बापाने सांगितलं, पाय सरळ ने. आजोबांनी सांगितलं, डोकं खाली ठेव. मागच्या कोचने बूट बदलायला लावले. पोरगा बिचारा पाय सरळ नेऊन नेऊन रोबोटसारखा चालायला लागला होता. जूनमधला गुरुवार, संध्याकाळचे सहा, दिवे लागलेले, गवत चिंब. मी त्याच्या समोर दहा पावलांवर मांडी घालून बसलो (पँट अर्थातच भिजली) आणि मोबाइल पोटाच्या उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये आठ-दहा किका घेतल्या. मग दोघांनी मिळून त्या बघितल्या.

पायात काहीच वाईट नव्हतं. तो चेंडू पूजेचा नारळ धरावा तसा दोन्ही हातांत धरायचा, लेस पुढे, बोटं पसरलेली, अगदी पुस्तकातल्यासारखं. रन-अपही ठीक. पण शेवटच्या पावलाला डावा हात चेंडूवरून निघताना त्याला किंचित उजवीकडे लोटून निघायचा. किंचित म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतका. त्या लोटण्याने चेंडूचं टोक कलायचं. हातातून सुटल्यापासून बुटाला लागेपर्यंत सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा जातो, तेवढ्यात चेंडू दोन-तीन बोटं बाजूला यायचा. बुटाची मारायची जागा असते चार बोटांची. म्हणजे तो सरळच मारत होता, फक्त चेंडू तिथे नसायचा.

त्याला तो व्हिडिओ चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी तो हळूच म्हणाला, “माझा पाय बरोबर आहे?” मी म्हटलं, पाय पहिल्यापासून बरोबर आहे.

ताई, लाखांत पगार घेणाऱ्यांचंही बहुतेक वेळा हेच होतं, फक्त प्रमाण कमी. आज सेट शॉटला बहुतेक सगळे ड्रॉप पंट मारतात. चेंडू उभा सोडायचा, खालच्या टोकावर मारायचा, म्हणजे तो उलटी फिरकी घेत, टोकावर टोक करत सरळ जातो. ती फिरकी नीट बसली तर लंबगोल चेंडूसुद्धा शहाण्यासारखा वागतो. सोडताना कलला तर फिरकीचा अक्षच वाकडा होतो, चेंडू डुगडुगतो, मग वारा त्याला वाटेल तिकडे नेतो. सगळा खेळ त्या सोडण्यात आहे. कानालाही कळतं. नीट पडलेल्या चेंडूचा आवाज ‘ठप्प’ असा भरीव येतो, कललेल्याचा ‘फट्’. मी कधी कधी पाठ करून उभा राहतो आणि आवाजावरून सांगतो, पोरांना ती जादू वाटते.

तुमचे मिस्टर बहुधा म्हणत असतील, ‘मग रग्बीवाले कसे मारतात?’ हा प्रश्न मला दर मोसमात एकदा तरी येतोच. रग्बीचा गोल ५.६ मीटरचा, म्हणजे फूटीपेक्षा अरुंद. तरी तिथले चांगले किकर दहात सात-आठ घालतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये दार तेवढंच अरुंद आणि किकर दहात आठच्या वर. पण रग्बीत चेंडू टीवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, ठेवलेला असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये दुसरा माणूस तो जमिनीवर टेकवून धरतो. दोन्हीकडे चेंडू स्थिर. हातातून सोडायची भानगडच नाही. शिवाय तो किकरचाच माणूस, दिवसभर दुसरं काम नाही. फूटीतसुद्धा फार पूर्वी चेंडू जमिनीवर ठेवून मारायची पद्धत होती, ती गेली. माझ्या मते या तुलनेतच तुमचं अर्धं उत्तर आहे. हात मधे आला की टक्केवारी घसरते.

क्रिकेटवाल्याला हे लगेच पटतं. चेंडू कुठे पडणार ते सुटण्याच्या क्षणी ठरतं, पुढचा फॉलो-थ्रू फक्त साक्षीदार. आम्ही नाशिकला नेटमध्ये गुड लेंग्थवर रुमाल टाकून त्यावर टप्पा टाकायचो. इथे मी पोरांना चेंडू किकच न मारता नुसता सोडायला लावतो. गवतावरची पांढरी रेघ, तिच्यावर उभं राहायचं, चेंडू सोडायचा. तो उभाच पडला आणि सरळ समोर किंवा सरळ मागे उसळला तर बरोबर. बाजूला लुढकला तर पुन्हा. पाच मिनिटांत पोरं कंटाळतात. मोठे तर दोन मिनिटांत.

आता सराव. ‘करत नाहीत का?’ करतात. पण दोन अडचणी आहेत आणि त्यातली एकच खरी क्षम्य आहे.

क्षम्य ती अशी. पूर्ण ताकदीची किक म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूवर, कमरेच्या वाकवणाऱ्या स्नायूवर आणि जांघेवर मोठा ताण. मॅचमध्ये खेळाडू बारा ते पंधरा किलोमीटर पळतो, आदळतो, पडतो. सहा-सात दिवसांत पुढची मॅच. त्यात रोज शंभर लांब किका मारायला लावल्या तर जांघेचं दुखणं घेऊन तो महिनाभर स्टँडमध्ये बसेल. फिजिओ किका मोजतो, आपण पेनकिलरच्या गोळ्या मोजतो तशा. तेव्हा ‘दिवसाला दोनशे मारा, आपोआप सुधाराल’ हा सोफ्यावरचा सल्ला चालत नाही.

क्षम्य नाही ती ही, की जो सराव होतो तो बऱ्याचदा खोटा असतो. ट्रेनिंग संपल्यावर तीन-चार फॉरवर्ड एकाच जागी उभे राहून लागोपाठ वीस चेंडू मारताना तुम्ही बघितले असतील. पहिला उजवीकडे गेला की दुसऱ्याला शरीर आपोआप दुरुस्ती करतं. दहाव्यापर्यंत सगळे मधोमध. सगळे खूश. पण मॅचमध्ये दुसरा चेंडू नसतो! तिथे फक्त पहिलाच असतो, वीस मिनिटांनी एकदा, धाप लागलेली असताना, वेगळ्या कोनातून. नेटमध्ये सहाव्या चेंडूला यॉर्कर सगळ्यांनाच पडतो. म्हणून मी पोरांना दोनशे मीटर पळवतो, एक चेंडू देतो, एक किक, मग लांब पाठवून देतो. दहा मिनिटांनी परत बोलावतो, दुसऱ्या जागी. तासाभरात सहाच किका होतात आणि आईबाप कुंपणापाशी कुजबुजतात की हा माणूस पोरांना काही करूच देत नाही.

धाप लागण्याचं मी सहज म्हटलं, पण ते फार मोठं आहे. पूर्वीचा फुल फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांत पुढचा गोल मारणारा, गोलपाशी उभा राहायचा. चेंडू आला की पुढे झेप, मार्क, किक. टोनी लॉकेटने १३६० गोल मारले, आजही तो विक्रम कुणी मोडलेला नाही. तो काही बचावाला मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळत नव्हता. आजच्या फॉरवर्डला चेंडू गेला की मागे धावून दबाव टाकावा लागतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात टीमबाहेर. तो दीडशे मीटर पळून परत येतो, मार्क घेतो, पाय थरथरतायत, आणि वर तीस सेकंदांचं घड्याळ. दमलेल्या माणसाचा पाय कमी ताकदीने लागतो एवढंच आपल्याला दिसतं. खरं तर आधी त्याचा हात बिघडतो. खांदे वर चढतात, चेंडू नेहमीपेक्षा चार बोटं वरून सुटतो, आणि जितका वरून सुटेल तितका वाकडा व्हायला वेळ जास्त.

मग डोकं. यावर सगळेच बोलतात म्हणून मी थोडंच बोलतो. एसेंडनचा मॅथ्यू लॉइड प्रत्येक सेट शॉटआधी गवत उपटून हवेत सोडायचा, वारा बघायला. डॉकलँड्सच्या मैदानाचं छप्पर बंद असतानाही सोडायचा! लोक हसायचे. पण त्याला वारा बघायचाच नव्हता, त्याला ती कृती हवी होती. देवासमोर उदबत्ती ओवाळताना आपण धुराची दिशा बघतो का? जॉश केनेडी धावता धावता मधेच पावलं तुटक करायचा, बेन ब्राउनचा रन-अप एवढा लांब की तेवढ्यात चहा व्हावा, लान्स फ्रँकलिन डावीकडे मोठं वळण घेऊन यायचा. पुस्तकाप्रमाणे तिघेही चूक. पण तिघांचंही दर वेळी तेच, आणि तेच महत्त्वाचं. तुमच्या टीमच्या ज्या खेळाडूवर तुमचा राग आहे, त्याचे पाच सेट शॉट बघा. एकाला सात पावलं, एकाला अकरा, एकाला आकाशाकडे बघणं, एकाला मोजे वर ओढणं. असं दिसलं तर खुशाल रागवा. तो दर वेळी नव्याने किक शोधतोय.

प्रेक्षक म्हणून आपलाही यात थोडा हात आहे, हे तुम्हाला आवडणार नाही. तिसरा शॉट हुकला की स्टँडमधून जो ‘अर्रर्र’ निघतो, तो मैदानात स्वच्छ ऐकू जातो. त्यानंतर तो खेळाडू काय करतो बघा. पुढच्या वेळी पस्तीस मीटरवर समोर असूनही बाजूच्याला पास देतो. ‘माझ्याकडे नको.’ बाजूचा त्याहून वाईट कोनात. आपण पुन्हा ओरडतो, ‘मारत का नाहीस!’ रिचमंडच्या मॅथ्यू रिचर्डसनने कारकिर्दीत ८०० गोल केले. आठशे! तरी त्याचं नाव निघालं की लोकांना आधी हुकलेले आठवतात. पण त्याने मारणं सोडलं नाही, म्हणून आठशे झाले.

पॉइंटने मॅच हरल्याच्या गोष्टी या शहरात घरोघरी आहेत. तुमच्या ९.१७ ला थोरला भाऊ सापडेल २००९ च्या फायनलमध्ये. सेंट किल्डा ९.१४, जिलाँग १२.८. शॉट जास्त सेंट किल्डाचे, कप जिलाँगचा, फरक बारा गुणांचा. त्यात जिलाँगच्या टॉम हॉकिन्सचा एक चेंडू खांबाला लागून गेला होता आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो पॉइंट व्हायला हवा होता, अंपायरने गोल दिला. सेंट किल्डावाल्यांसमोर हा विषय काढू नका. पण त्याच सेंट किल्डाची आजवरची एकमेव प्रीमियरशिप, १९६६ ची, कशाने आली? बॅरी ब्रीनच्या एका पॉइंटने. १०.१४ विरुद्ध कॉलिंगवूडचे १०.१३. गोलला मारलेली किक डगमगत बाजूला गेली आणि त्या वाकड्या किकेने कप आणला. १९७७ च्या फायनलमध्ये नॉर्थ मेलबर्नने ९.२२ मारून मॅच बरोबरीत सोडवली, आठवड्याने पुन्हा खेळले, २१.२५ मारले आणि जिंकले. २०२३ ला कॉलिंगवूडचे गोल ब्रिस्बेनपेक्षा एकाने कमी होते, १२.१८ विरुद्ध १३.८, आणि कप कॉलिंगवूडला चार गुणांनी मिळाला. म्हणजे जास्त शॉट घेणाऱ्याला खेळ कधी कधी माफ करतो. सव्वीस विरुद्ध वीस, हे लक्षण वाईट नाही. तुमच्या टीमला चेंडू पुढे नेता येतोय. ज्या टीमचा स्कोअर ८.३ असतो आणि लोक म्हणतात ‘काय अचूक मारतात’, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आणि लॉकेटचं राहिलंच. १९९६, सिडनीचं क्रिकेट मैदान, प्रिलिमिनरी फायनल (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच), सिडनी आणि एसेंडन बरोबरीत, सायरन वाजायच्या बेतात. लॉकेटची जांघ आठवडाभर दुखत होती. मार्क घेतला पन्नासच्या पलीकडे. किक मारली तेव्हा सायरन होऊन गेला होता. पॉइंट. १०.१० विरुद्ध १०.९, सिडनी ग्रँड फायनलमध्ये. लोक मैदानात घुसले. १३६० गोल करणाऱ्या माणसाची पुन्हा पुन्हा दाखवली जाणारी किक ही, आणि अंपायरने तेव्हा एकच बोट दाखवलं होतं.

आता तुमच्यासाठी कामाचं. पुढच्या मॅचला तिकीट गोलच्या मागचं घ्या, खालच्या रांगेतलं. बाजूच्या महागड्या सीटवरून किकेचं काहीही कळत नाही. खेळाडू रन-अप घ्यायला लागला की पाय अजिबात बघू नका. ज्या पायाने मारणार त्याच बाजूच्या हाताकडे बघा. तो हात चेंडूला खालपर्यंत पोचवतोय की वरूनच टाकून मोकळा होतोय? दुसरा हात गुपचूप निघून जातोय की जाताना लोटतोय? चेंडू बुटाला लागायच्या आधीच तुम्ही ‘गेला’ म्हणाल आणि मिस्टर चमकून बघतील. पहिल्या क्वार्टरमध्ये चार-पाच चुकतील, तिसऱ्यापर्यंत डोळा बसतो. चौथ्या क्वार्टरला त्याच खेळाडूचा हात पहिल्यापेक्षा किती वर आलाय ते बघा, तिथे तुम्हाला तुमची नऊ गुणांची हार दिसेल.

त्या पोराचं विचाराल म्हणून सांगतो. तीन आठवडे त्याने घरच्या अंगणात फक्त चेंडू सोडला, किक नाही. आता दहातल्या तीन उजवीकडे जातात. बाप अजून ‘पाय सरळ ने’ असं ओरडतो, पोरगा माझ्याकडे बघून डोळे फिरवतो.

तुमच्या मुलीला शिकायचंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती उजव्या पायाची की डाव्या, ते कळवा, आणि सिंथेटिकचा नको, चामड्याचा चेंडू आणा, तिच्या वयाच्या मापाचा. पहिले दोन गुरुवार तिला किक मारू देणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. जादा मोजे आणा, गवत ओलं असतं.